थंड सुपातला दुधी

ज्या पदार्थाला शेवटची उकळी येत नाही त्याची मला अजूनही भीती वाटते, आणि नेमका तसलाच पदार्थ करून विकण्यात माझी कामाची बहुतेक वर्षं गेली. रायपुरात उन्हाळ्यातल्या जेवणावळींना मी भाज्यांची थंड सुपं पुरवत असे. साखरपुडे, बारशी, वाढदिवस, कचेऱ्यांच्या पार्ट्या. आता गुडघे कुरकुरतात म्हणून ओळखीच्या मोजक्याच ऑर्डरी घेते. धंदा कसा सुरू झाला, कसा वाढला यात सांगण्यासारखं काही नाही. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातून तो फारसा बाहेर पडलाच नाही. सांगायचं आहे ते भीतीबद्दल. ती मात्र प्रत्येक ऑर्डरीला नवी असे.

आधी लोक कसे पीत ते सांगते, म्हणजे भीती कशासाठी सोसली ते कळेल.

सदर बाजारातल्या एका सराफांच्या मुलीचा साखरपुडा होता. भाजलेल्या टोमॅटोचं सूप होतं, बर्फात बसवलेल्या पातेल्यातून वाढलेलं. सराफांनी वाटी हातात घेतली आणि सवयीने फुंकर घातली. घोट घेतला, थबकले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकर घातली. दुसरी वाटी संपेपर्यंत त्यांची फुंकर काही सुटली नाही. एक वकिलीणबाई काकडीच्या सुपात पुरी बुडवून खायच्या. एका घरी आजोबांनी बीट-ताकाच्या सुपात भात कालवला आणि आता कुठे जेवल्यासारखं वाटलं म्हणाले. कुणी पापड चुरायचं, कुणी शेव घालायचं. "दीदी, यह तो ठंडा हो गया, ज़रा गरम करवा दो," असं म्हणणारे प्रत्येक पंगतीत दोन-चार निघायचेच. सुरुवातीला मी समजावत बसे. नंतर सोडून दिलं. पिणाऱ्याने आपल्या रीतीने प्यावं.

पण मे महिन्याच्या दुपारी तोंडाला रुमाल बांधून स्कूटरवरून आलेला माणूस पहिला घोट घेतो, तेव्हा त्याचे खांदे हळूच खाली येतात. मग वाटी पुन्हा पुढे करतो. ते पाहण्यासाठी मी हे काम करत राहिले.

माझ्या मदतीला बिसाहिन होती. जवळच्याच पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, माझ्याहून थोडी लहान. पहिल्यांदा मी तिला थंड सूप चाखायला दिलं तेव्हा ती म्हणाली, यात नवीन काय, आम्ही उन्हाळाभर बासी खातो ती तरी कुठे गरम असते? बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीशी खाल्लेला. छत्तीसगढात उन्हातान्हात काम करणाऱ्याचं तेच अन्न. शहरातल्या लोकांना जे पटवायला मला वर्षं लागली ते तिला आधीच पटलेलं होतं. मी तिला भांडी घासायला ठेवलं होतं, पण वर्षभरात ती माझा उजवा हात झाली. ती मला दीदी म्हणायची आणि तिच्या बोलीत बोलायची. मी माझ्या हिंदी-मराठीत उत्तर द्यायची. कधी अडलं नाही.

आता भीती. गरम सूप चुका पोटात घालतं. भाजी नीट धुतली नसेल, पाण्यात काही असेल, एक खळखळून उकळी आली की बरंचसं निभावतं. थंड सुपाला तो आधार नाही. मी भाज्या आधी शिजवून, भाजून घ्यायची, पण नंतर त्या गार होतात, त्यात दही पडतं, पुदिना पडतो, आणि तिथून पुढे विस्तव नाही. जे आत गेलं ते थेट माणसाच्या पोटात. शिवाय थंडपणा चव झोपवतो. मीठ कमी लागतं, आंबट कमी लागतं, आणि बिघडलेलं असेल तर तेही कमी लागतं. म्हणून गरम असताना मीठ जरा पुढेच, म्हणजे थोडं जास्त, ठेवायचं, आणि वास मात्र गरम असतानाच घ्यायचा. बर्फ कारखान्यातला आणायचा तो फक्त पातेल्याच्या बाहेर. तो कुठल्या पाण्याचा असतो ते देव जाणे. सुपात तरंगणारा बर्फ हवा असेल तर पाणी उकळून, गाळून घरीच डब्यांत गोठवायचं. उन्हाळ्याचे तीन महिने आमच्या फ्रीजमध्ये घरच्या माणसांना जागा नसे.

आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांच्या तोंडाच्या कॅन्सरवर उपचार चालले होते. तोंड आतून सोललेलं, गरम काही लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांची मुलगी स्टीलचा डबा घेऊन यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की कच्चं काही द्यायचं नाही, सगळं शिजवून मगच गार करायचं, त्यांच्या अंगात झुंजायची ताकद उरलेली नाही. मी भोपळा, गाजर, दुधी मऊ शिजवून, गाळून, गार करून द्यायची. मुलगी सांगे, बाबा चमचा तोंडात धरून ठेवतात, लवकर गिळत नाहीत, गार वाटतं म्हणून. मी खूश व्हायच्या ऐवजी घाबरून जायची. डबा पुन्हा पुन्हा उकळत्या पाण्यात घालायची. ते मास्तर बरे झाले, पुढे वरणभात खायला लागले आणि माझं सूप विसरले. मला फार हलकं वाटलं.

दुधीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. दुधी म्हणजे आमच्याकडची लौकी. उन्हाळ्यात माझं सगळ्यात जास्त खपणारं सूप त्याचंच: शिजवलेला दुधी, दही, पुदिना, भाजलेलं जिरं. पोटाला गार, दिसायला फिकट हिरवं. दुधी, काकडी, दोडका ही सगळी एकाच घराण्यातली. वेल उन्हाने, पाण्यावाचून होरपळला की कधी कधी फळात कडूपणा उतरतो. बाहेरून काही कळत नाही. कारल्याचा कडूपणा निराळा, तो अन्नाचा आहे. दुधीचा कडूपणा विषाचा. शिजवूनही जात नाही. माणसाला उलट्या होतात, रक्त पडतं, नाडी बसते. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात नियम होता: प्रत्येक दुधीची दोन्ही टोकांकडची फोड चाखायची, थुंकायची, चूळ भरायची, मग पुढचा दुधी. कडू निघाला तर तिथेच चिरून राखेत घालायचा, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. हे काम मी आणि बिसाहिन वाटून घ्यायचो.

शंकर नगरातल्या एका घरी आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचं दुपारचं जेवण होतं. घरचा मुलगा राकेशजी, त्यांचाच सगळा बेत. वडिलांना सगळे बाबूजी म्हणत, आईला अम्माजी. बाबूजी उत्साही, पांढरा सिल्कचा कुर्ता घालून सकाळपासून मांडवात फिरत होते. माझं दुधीचं सूप स्वागताला होतं. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातात आधी वाटी, मग बाकीचं. माझे यजमान श्रीकांत नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या कामात असत. टेम्पो, बर्फ, भांडी त्यांच्याकडे.

पाहुणे जमले. कूलरचा आवाज, गाणी, फोटो. बाबूजींनी पहिली वाटी स्वतः घेतली, सगळ्यांसमोर ती उंच करून दाखवली आणि प्याले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांच्या हातात वाट्या गेल्या.

थोड्या वेळाने मंचाच्या बाजूला गडबड झाली. मला वाटलं फोटो काढत असतील. पाहिलं तर बाबूजी खुर्चीवर पुढे वाकले होते आणि त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर पुढून सगळं ओलं झालं होतं. पुन्हा उलटी झाली. या वेळी तिच्यात लाल होतं. कुणी म्हणालं उन्हाची लू लागली, कुणी म्हणालं बीपी. अम्माजी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि गळ्यातला हार काढायला विसरल्या होत्या.

मी पातेल्याकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त रिकामं होतं.

श्रीकांत माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनाही तेच सुचलं होतं. मी म्हणाले, सूप थांबवते, आणि जे पीत आहेत त्यांनाही सांगते.

"थांब जरा," ते हळू आवाजात म्हणाले. "काहून घाई करून राहिली? आधी डॉक्टरले पाहू दे. एकदा तुझ्या तोंडून निघालं ना, मंग परत नाही घेता येत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबूजींचं वय होतं, ऊन होतं, धावपळ होती. दहा कारणं असू शकत होती. मी काही न बोलता पातेल्यावर झाकण ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण समोर एक लहान मुलगी दोन्ही हातांनी वाटी धरून पीत होती. ओठांवर हिरवट मिशी उमटली होती. ती वाटी खाली येईपर्यंत मला थांबता आलं नाही.

मी गाणी सांगणाऱ्या मुलाच्या हातून माइक घेतला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी हिंदीत सांगितलं की कृपा करून सूप पिऊ नका, हातातल्या वाट्या खाली ठेवा, कारण काय ते मला अजून ठाऊक नाही, पण आपण धोका घेऊ नये.

गाणी बंद होती. सगळीकडून वाट्या टेबलांवर ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी खोकलं. एक बाई कुंपणाकडे जाऊन घशात बोट घालायला लागल्या. एकाला पोटात पीळ पडल्यासारखं वाटलं, त्याच्या शेजारच्याला लगेच मळमळलं. बायका आपल्या पोरांची कपाळं चाचपायला लागल्या. भीती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत गेली आणि मी ती डोळ्यांनी पाहिली. राकेशजी माझ्याजवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "दीदी, आपने क्या खिला दिया मेरे पिताजी को?" आणि उत्तर न ऐकता गाडीकडे धावले.

पाहुण्यांपैकी काही जणांनी आमचा टेम्पो अडवला. पातेलं हलवू देईनात. श्रीकांत तिथेच थांबले, पातेल्याजवळ, खुर्ची घेऊन. मी एका झाकणाच्या डब्यात सूप भरलं आणि बिसाहिनला घेऊन ई-रिक्षाने दवाखान्यात गेले. डॉक्टरांना दाखवायला काही तरी हवं. वाटेत डबा माझ्या मांडीवर होता. इतका गार की साडीतून मांडी बधिर झाली.

दवाखान्यात बाबूजींना आत नेलं होतं. बाहेर त्यांचे नातेवाईक उभे होते, समारंभाच्या कपड्यांत, अत्तराचा वास येत होता. मला पाहून ते बाजूला सरकले. तरुण डॉक्टर बाहेर आले. रक्तदाब खूप खाली गेला आहे, आतून रक्तस्राव होतो आहे, म्हणाले. मी डबा पुढे केला आणि त्यात काय काय आहे ते सांगितलं. दुधीचं नाव ऐकताच त्यांनी मान वर केली.

"लौकी कड़वी तो नहीं थी?"

नाही, मी म्हणाले. प्रत्येक दुधी चाखला होता. माझ्या तोंडून हे इतक्या पटकन निघालं की मीच दचकले. चाखला होता? सगळे? माझ्या वाटणीचे मी चाखले होते. बिसाहिनच्या वाटणीचे बिसाहिनने. डॉक्टर आत गेले आणि मी भिंतीजवळच्या बाकावर बसले. मग मला एक गोष्ट आठवली.

बिसाहिन गुड़ाखू घासायची. गुड़ाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. आमच्याकडे पुष्कळ बायका सकाळी तो दातांना घासतात. तोंड जड होतं, हिरड्या बधिर होतात. माझ्या डोळ्यांसमोर सकाळची बिसाहिन आली. अंगणात उकिडवी बसलेली, पुढ्यात दुधीचा ढीग, चिरते आहे, चाखते आहे, थुंकते आहे. बधिर जिभेला कडू कळतं का? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि आता तो पडला होता तो नको त्या वेळी.

ती माझ्या शेजारी न बसता खाली फरशीवर बसली होती. मी तिच्याकडे न पाहता विचारलं. सगळे चाखले होतेस ना? खरं सांग.

"हव दीदी. सब्बो ला चीखे हँव," ती म्हणाली. हो, सगळे चाखले.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण भीतीने माणूस हलक्या मनाचा होतो. मी विचारलं, सकाळी गुड़ाखू घासली होतीस का?

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तोर काम के दिन नइ घिसँव दीदी. कभू नइ." तुझ्या कामाच्या दिवशी नाही घासत, कधीच नाही.

मला ते ठाऊक नव्हतं. सवय किती वाईट असते ते मी पाहिलं होतं. एक दिवस गुड़ाखू मिळाली नाही तर या बायकांचं डोकं चढतं. ऑर्डरीच्या दिवशी बिसाहिन सकाळी गप्प गप्प असायची, कपाळ चोळायची. मला वाटायचं कामाचा ताण आहे.

मी काही बोलायच्या आत तिने माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडलं आणि तोंडाला लावला. घोट घेतला नाही, प्यायली. घशातून आवाज येत होता. मी डबा ओढला तेव्हा निम्मा झाला होता आणि तिच्या हनुवटीवरून सूप लुगड्यावर सांडलं होतं.

"काय करून राहिली तू?" मी ओरडले. बाकी लोकांनी वळून पाहिलं.

ती म्हणाली, कडू नाही. तू पी.

मीही प्यायले. हे मी धाडस म्हणून सांगत नाही. ती एकटी प्यायलेली मला सहन झालं नसतं, एवढंच. आणि खरं सांगते, मला ते कडू लागलं. घोट घशाखाली गेला आणि मागे कडूपणा राहिला. दुसरा घोट घेतला, तोही कडू. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला सगळंच कडू लागतं हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, संपलं. आत बाबूजी, तिकडे मांडवात सगळे पाहुणे, ती मिशीवाली मुलगी, आणि इथे आम्ही दोघी. माझं सगळं अंग कान होऊन पोटाकडे लागलं. आतडं जरा हललं की वाटायचं, सुरू झालं.

तेवढ्यात दुसऱ्या गाडीने अम्माजी आल्या. सून त्यांना धरून आणत होती. हार अजून गळ्यात होता, फुलं उन्हाने मलूल झाली होती. त्यांना कुणी तरी माझ्यासमोरच्या बाकावर बसवलं. राकेशजी डॉक्टरांना घेऊन बाहेर आले. डॉक्टर पुन्हा तोच प्रश्न विचारत होते, या वेळी घरच्या लोकांना: यांनी कडू असं काही खाल्लं, प्यायलं? सगळे एका सुरात सूप, सूप म्हणाले. राकेशजींनी माझ्याकडे बोट केलं.

अम्माजींना नीट ऐकू येत नसे. त्यांनी सुनेला विचारलं, काय म्हणतात? सुनेने कानाशी सांगितलं, डॉक्टर लौकीबद्दल विचारतायत.

"लौकी का रस तो उन्होंने नहाकर पिया था," अम्माजी म्हणाल्या. "छत वाली बेल की पहली लौकी थी. पूरा गिलास."

डॉक्टर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि मोठ्याने विचारलं, कडू होता का?

अम्माजींनी हो अशी मान हलवली. त्या म्हणाल्या, मला एक घोट दिला होता, मी थुंकून टाकला. त्यांना म्हटलं फेकून द्या. ते म्हणाले, कडू आहे म्हणजे औषधी आहे, रक्त साफ होतं. आणि आपण लावलेल्या वेलीचं पहिलं फळ कुणी फेकतं का?

बाबूजींनी गच्चीवर कुंड्यांत वेल चढवला होता. मे महिन्याचं ऊन, तापलेलं सिमेंट. त्या वेलाने जे सोसलं ते सगळं फळात उतरलं होतं. अंघोळ करून, कुर्ता घालायच्या आधी ते ग्लासभर प्याले आणि खाली मांडवात आले. माझ्या सुपाची वाटी त्यावर पडली.

राकेशजी भिंतीला टेकले. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी हात जोडले. मला सुटल्याचा आनंद झाला नाही, कारण आत बाबूजी अजून तसेच होते. मी फक्त फोन काढून श्रीकांतना सांगितलं की पातेल्यापाशी बसायची गरज नाही. पुढे घरी आल्यावर कळलं, तोपर्यंत त्यांनीही एक वाटी पिऊन पाहिली होती.

बाबूजी वाचले. बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते, पण वाचले. पाहुण्यांपैकी कुणालाही काही झालं नाही. ज्यांच्या पोटात पीळ पडला होता ते संध्याकाळपर्यंत समोसे खात होते, असं श्रीकांत सांगतात. अम्माजींनी तो वेल मुळासकट उपटून टाकला.

पण मी माइकवर जे बोलले ते लोकांनी जपून ठेवलं. मागची खरी गोष्ट दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मोजक्या माणसांसमोर उघड झाली, आणि मांडवातली गोष्ट गावभर गेली. तो उन्हाळा आमचा फ्रीज रिकामा राहिला. दुकानात बायका एकमेकींना खुणावत, त्याच त्या थंड सूपवाल्या. राकेशजींनी ओळखीपाळखीत पुष्कळ सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत आणि ऑर्डर मात्र दुसरीकडे देत. श्रीकांत मला एकदाही टोचून बोलले नाहीत, म्हणून मीच एकदा विषय काढला. म्हटलं, तुमचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं का? ते पेपर वाचत होते. म्हणाले, "ते पोट्टी वाटी घेऊन उभी होती ना, ते मलेबी दिसली होती." आणि पान उलटलं.

दुसऱ्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, बाबूजी काठी टेकत आमच्या घरी आले. फार वाळले होते. म्हणाले, उस दिन स्वाद याद नहीं रहा, फिर से पिलाओ. मी काकडीचं सूप केलं. दुधीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. ते प्यायला लागले आणि श्रीकांत, बिसाहिन आणि मी त्यांच्या गळ्याकडे पाहत उभे राहिलो. प्रत्येक घोट खाली जाताना दिसत होता. त्यांच्या ते लक्षात आलं. वाटी खाली ठेवून हसले, आणि मीठ कमी आहे म्हणाले. खरंच कमी होतं. भीतीत मी ते पुढे ठेवायला विसरले होते. त्यांच्यामुळे हळूहळू ऑर्डरी परत यायला लागल्या.

ज्याने घाव बसला तो दुधी नव्हता. दवाखान्यातला माझा तो गुड़ाखूचा प्रश्न होता. बिसाहिनने त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. मी माफी मागितली तेव्हा तिने, जाऊ दे दीदी, म्हणून विषय झटकला आणि भांडी घासायला घेतली. मला वाटलं विसरली. पण पुन्हा दुधीची पहिली ऑर्डर आली त्या सकाळी अंगणात ढीग पडला, मी माझ्या वाटणीचे वेगळे करायला वाकले, तर ती म्हणाली, नको, वाटणी नको. तिने एक दुधी चिरला, टोकाकडची फोड चाखली, थुंकली, चूळ भरली. मग त्याच दुधीची दुसरी फोड सुरीच्या टोकावर घेऊन माझ्यापुढे धरली.

"तहूँ चीख ले," ती म्हणाली. तूही चाखून घे.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी चाखली. गोडसर होती. मग पुढचा दुधी, आधी तिच्या तोंडात, मग माझ्या. त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक दुधी आम्ही दोघी चाखतो. कामाला दुप्पट वेळ लागतो. मी कितीदा म्हटलं, बिसाहिन, आता पुरे, तू चाखलंस की झालं. ती ऐकून घेते आणि फोड पुढे करते. मी तोंड उघडते.